कुत्री मांजरीची पिल्लं पळवते, तिला पान्हाही फुटतो, आणि दर वेळी तेच! काय करायचं?

तक्रार साधारण अशी असते. घरात एक कुत्री आहे, एक मांजर आहे. मांजर व्याली की दोन-चार दिवसांत कुत्रीचं जेवणावरचं लक्ष उडतं. ती खोक्याभोवती घुटमळते, कुंईकुंई करते, आणि संधी मिळाली की एकेक पिल्लू तोंडात धरून आपल्या गोणपाटावर आणून ठेवते. पोट चाचपलं तर सड टरारलेले, जरा दाबलं तर दूध. मांजर पिल्लं परत नेते, कुत्री पुन्हा उचलून आणते. मुलं व्हिडिओ काढतात, आजी म्हणते मागल्या जन्मीचं काही देणं असेल. दोन-तीन आठवड्यांत सगळं निवळतं. मग सहा-सात महिन्यांनी पुन्हा तोच खेळ, आणि तेव्हा घरात मांजरीची पिल्लं नसली तर एखादी चप्पल किंवा मुलांचा बाहुला कुशीत घेऊन बसते.

त्या चपलेकडे दुर्लक्ष करू नका. पिल्लं नसतानाही हे घडतं, म्हणजे मूळ मांजरीच्या खोक्यात नाही, कुत्रीच्या अंगात आहे.

आधी कॅलेंडर काढा

कुत्री शेवटची माजावर कधी आली होती ते आठवा. रक्ताचे थेंब फरशीवर कधी दिसले, गल्लीतले कुत्रे फाटकाशी कधी जमले, तेवढं आठवलं तरी पुरे. माज संपल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांनी हा प्रकार सुरू झाला असेल तर तिला खोटं गरोदरपण आलं आहे. डॉक्टर त्याला स्यूडोप्रेग्नन्सी म्हणतात. आजार म्हणण्यापेक्षा कुत्र्याच्या जातीचा हा शरीरधर्मच आहे.

बाईच्या किंवा गाईच्या बाबतीत गर्भ राहिला नाही तर शरीराला ते लवकर कळतं आणि पुढचं चक्र सुरू होतं. कुत्रीचं तसं नाही. गर्भ राहो न राहो, माजानंतर जवळपास दोन महिने तिच्या अंडाशयातून प्रोजेस्टेरॉन येत राहतं. दोन महिन्यांनी ते उतरू लागलं की प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक वर चढतं. दूध आणणं आणि पिल्लांची ओढ लावणं, दोन्ही कामं त्याचीच. शरीराच्या हिशेबाने तिची बाळंतपणाची वेळ भरलेली असते. पोटात कोणी नसतं, एवढाच फरक. अशा वेळी घरात कुठूनतरी नवजात पिल्लाचं चिरकं रडणं कानावर पडलं की ती ते आपलंच धरून चालते. पिल्लू मांजरीचं आहे की कुत्र्याचं, याची चौकशी कोण करतंय?

हे मुळात का टिकून राहिलं असावं? एक पटण्यासारखं स्पष्टीकरण लांडग्यांकडे बोट दाखवतं. कळपात सहसा एकच मादी वीण घालते आणि बाकीच्या तिची पिल्लं सांभाळायला हात लावतात. त्यांना त्याच सुमारास पान्हा फुटत असेल तर कळपाचा फायदाच. मांजरांतही असं काही आहे. शेतावर, गोठ्याच्या आसपास राहणाऱ्या मांजरींत आई, मुलगी, बहिणी अशा नात्यातल्या माद्या पिल्लं एकाच जागी ठेवतात आणि एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. म्हणजे दुसरीचं लेकरू आपलं मानायची तयारी दोन्ही जातींत मुळातच आहे. घरात दोघी एकाच छपराखाली आल्या आणि तारखा जुळल्या, की जातीची भिंत ओलांडायला फारसा वेळ लागत नाही.

तारीख जुळत नसेल, किंवा कुत्रीचं अंडाशय काढण्याचं ऑपरेशन झालेलं असूनही दूध येत असेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. त्याकडे पुढे येतो.

मांजर पाजत असेल तर कुत्रीला पाजू देऊ नका

मला हे ठामपणे सांगावंसं वाटतं, कारण व्हिडिओ पाहून लोक उलटच करतात. कुत्री आनंदात, पिल्लं लुचतायत, मग हरकत काय? हरकत अशी की पिल्लू सडाला लागलं की प्रोलॅक्टिन आणखी वाढतं आणि दूध आणखी येतं. आपोआप ओसरणारी गोष्ट आपण लांबवतो. दूध तुंबून सडाला सूज आली, गाठ झाली, ताप भरला, तर तो स्तनदाह. मग प्रतिजैविकं आली, दवाखान्याच्या फेऱ्या आल्या.

दुसरीकडे मांजरीचं काय होतं ते कोणी चित्रित करत नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. जागा सुरक्षित वाटली नाही की ती हलवते, आणि खोक्याभोवती सारखं हुंगत फिरणारं थोराड जनावर हे जागा असुरक्षित वाटायला भरपूर कारण आहे. मग पिल्लं माळ्यावर, पत्र्याच्या शेडवर, शेजाऱ्यांच्या अडगळीत जातात. फार ताण आला तर मांजर पिल्लं टाकूनही देते.

तिसरी गोष्ट दाताची. मांजर पिल्लाला मानगुटीला धरते, पिल्लू पाय आखडून गप्प लोंबकळतं. कुत्री एवढी नेमकी नसते. ती डोकं, पाठ, जे तोंडात येईल ते धरते. मांजरीचं नवजात पिल्लू जेमतेम शंभर ग्रॅमचं. ती मायेने उचलत असली तरी तिच्या जबड्याला तो अंदाज नसतो. पिल्लू किंचाळलं आणि घाबरून तिने पकड घट्ट केली तर एवढंसं पिल्लू हातचं जायचं.

म्हणून मांजरीची जागा बदलायची ती आपणच, तिच्या आधी. दार बंद होणारी खोली, त्यात आडवं ठेवलेलं खोकं, जुनी सुती साडी अंथरलेली, पाणी-जेवण आतच. दाराला बाळांसाठी मिळतं तसं जाळीचं फाटक लावलं तर मांजर उडी मारून ये-जा करते आणि कुत्री बाहेर राहते. कोवळ्या पिल्लांचं रडणं कुत्रीच्या कानावर जितकं कमी पडेल तितकं बरं. पंखा किंवा रेडिओ चालू ठेवल्यानेही फरक पडतो.

तिच्या कुशीतून पिल्लू काढून घ्यायचं असेल तेव्हा झडप घालू नका. एरवी गाईसारखी असलेली कुत्री या दिवसांत गुरगुरते, चावतेही. लहान मुलांना तर तिच्या गोणपाटापाशी जाऊच देऊ नका. एकाने तिला पट्टा लावून फिरायला न्यावं, दुसऱ्याने मागे पिल्लं उचलावीत. चप्पल, बाहुला, जे काही तिने दत्तक घेतलं असेल तेही त्याच वेळी नाहीसं करावं.

दूध ओसरण्यासाठी

पहिला नियम, दूध पिळू नका. दुखत असेल म्हणून लोक हलक्या हाताने काढून टाकतात, गरम पाण्याने शेकतात. दोन्हींमुळे शरीराला आणखी दूध करायचा निरोप जातो. ती स्वतःच चाटत असेल तर गळ्यात प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर घाला, किंवा जुना टी-शर्ट पोटावरून बांधा. मोगऱ्याची फुलं, कोबीची पानं बांधणारेही आहेत. त्याने बिघडत नाही, पण ती पाच मिनिटांत कुरतडून टाकते. कापूर मात्र लावू नका. तो चाटला तर कुत्रीला विषारी आहे आणि पिल्लांना त्याहून.

दोन-चार दिवस जेवण थोडं कमी, फिरणं थोडं जास्त. पाणी तोडू नका. पाणी तोडायचा सल्ला अजून कानावर येतो, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तो जीवावर बेतेल.

एवढ्यावर बहुतेकींचं दोन-तीन आठवड्यांत निवळतं. सड लाल झाले, एखादा दगडासारखा लागला, दुधात रक्त किंवा पू दिसला, ती जेवेनाशी झाली, तर थांबू नका. डॉक्टर कॅबरगोलिन देतात. ते प्रोलॅक्टिन खाली आणतं आणि बहुधा आठवड्याच्या आत दूध आटतं. मात्र ते मेडिकलमधून आणून स्वतः देऊ नये, आणि याचं कारण साधं गणित आहे. कुत्रीला दिवसाला किलोमागे साधारण ५ मायक्रोग्रॅम लागतं. १० किलोच्या कुत्रीला ५० मायक्रोग्रॅम. माणसांची गोळी मिळते ती बहुधा ५०० मायक्रोग्रॅमची, म्हणजे तिच्यासाठी दहापट. अंदाजे तुकडा तोडून दिला की उलट्या सुरू. शिवाय ती खरोखरच गाभण असेल तर या औषधाने गर्भ पडतो. त्यामुळे सोनोग्राफी किंवा निदान पोट चाचपणी आधी.

एक बारीक गोष्ट. उलटी थांबवायला देतात ते मेटोक्लोप्रामाइड प्रोलॅक्टिन वाढवतं. कुत्रीला नुकतंच ते दिलेलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

पिल्लं खरोखर पोरकी असतील तेव्हा

मांजर गाडीखाली गेली, किंवा आलीच नाही. इथे माझं मत उलटं होतं. दूध असलेली, शांत स्वभावाची कुत्री म्हणजे मग लॉटरीच. तिच्या कुशीची ऊब बाटलीला येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांना कापरं भरत नाही, म्हणजे स्वतःला गरम ठेवायची सोयच नसते. आसपास तीसेक अंश तापमान हवं. शिवाय साधारण तीन आठवडे ती आपणहून शी-शूही करू शकत नाहीत, आई चाटते तेव्हाच होते. ओल्या कापसाने ते काम रात्रीबेरात्री करणाऱ्याला विचारा. कुत्री ते न सांगता करते. दूध नसलेली कुत्रीसुद्धा एवढं करते, म्हणून ती बाटलीच्या जोडीला हवीच.

दूध चालतं का? कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त. त्या मानाने ते मांजरीच्या दुधाच्या जवळचं आहे. गाईचं दूध पातळ करून पाजणं हा सगळ्यात वाईट पर्याय. जुलाब लागतात आणि पोषणही होत नाही. खोट्या गरोदरपणातलं दूध मात्र बेभरवशाचं. कधी भरपूर, कधी नुसतं पाण्यासारखं. म्हणून वजनकाटा.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर स्टीलचा डबा, डब्यात रुमाल, काटा शून्यावर आणायचा आणि पिल्लू आत. आमची कुत्री ठमी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून प्रत्येक पिल्लू डब्यात जाताना आणि बाहेर येताना डोळ्यांनी मोजायची. एखादं डब्यात जास्त वेळ राहिलं की नाकाने डबाच ढकलायची, मग आकडा पुन्हा शून्यावरून. तर, आकडा असा हवा: रोज १० ते १५ ग्रॅमची वाढ, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस जन्माच्या वजनाच्या दुप्पट. सलग दोन दिवस वाढ नाही, तर पिल्लू लुचतंय पण पोटात जात नाहीये. मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणि बाटली जोडीला सुरू करा. पिल्लू गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाला पाजलेलं पचत नाही, आणि ते फुप्फुसात जाण्याचीही भीती.

जन्मानंतरचा पहिला दिवस वेगळा. आईच्या चिकातून मिळणारी रोगप्रतिकारक द्रव्यं मांजरीच्या पिल्लाचं आतडं जन्मानंतर जेमतेम सोळा-अठरा तास शोषू शकतं. ती जागा कुत्री भरून काढू शकत नाही. तिचं दूध चिकाचं नसतं, आणि तिच्या अंगातली प्रतिकारशक्ती तिला झालेल्या, तिला टोचलेल्या रोगांविरुद्धची. चीक न मिळालेली पिल्लं आहेत असं धरूनच चाला: बाहेरचं मांजर नको, बाहेरचा पाहुणा नको, हात धुऊनच हात लावायचा. कुत्रीचं लसीकरण झालेलं असणं इथे फार महत्त्वाचं, कारण कुत्र्यांच्या पार्व्होचे आजचे प्रकार मांजरांनाही लागू शकतात. जंतांचं औषधही दोघांच्या वयाप्रमाणे विचारून घ्या.

आणि गोचिडाचं औषध. हे मी जाड अक्षरात लिहितोय. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या थेंबांत, पावडरीत, शाम्पूत पर्मेथ्रिन असेल तर मांजरीला ते विष आहे. कुत्र्याचं शरीर ते फोडून बाहेर टाकतं, मांजरीच्या यकृताला ते जमत नाही. पिल्लू कुत्रीच्या अंगावर लोळतं, लुचतं, केस चाटतं. थरथर, लाळ, झटके, आणि पुढे मृत्यू. पावसाळ्यात गोचिडं वाढली की आपण न वाचता औषध टाकतो. घरात मांजर असेल तर डबीवरची बारीक अक्षरं वाचायचीच. गोचिडांसाठी पाण्यात घालून अंग पुसतात ते अमिट्राझसुद्धा मांजरीच्या जवळपास नको.

उलटं, म्हणजे मांजर कुत्र्याची पिल्लं पाजतेय, असंही घडतं आणि ते मी फार दिवस चालू देणार नाही. तीन किलोची मांजर, तिचे आठ सड, आणि मध्यम जातीचं कुत्र्याचं पिल्लू तीन आठवड्यांत तिच्या निम्म्याकडे झुकतं. ती पाजून पाजून खंगते. पाजणारी मांजर किंवा लहान चणीची कुत्री थरथरू लागली, पाय ताठ पडू लागले, धाप लागली, तर कॅल्शियम घसरलंय. तिला लगेच दवाखान्यात न्या, सकाळची वाट पाहू नका.

पुन्हा पुन्हा का, आणि कायमचं कसं थांबवायचं

ज्या कुत्रीला एकदा हे ठळकपणे झालं, तिला पुढच्या माजानंतरही होण्याची शक्यता मोठी. "एकदा पिल्लं होऊ द्या, मग थांबेल" हा सल्ला चुकीचा आहे. पिल्लं झालेल्या कुत्रीलाही पुढच्या रिकाम्या माजानंतर तेच होतं. उपाय एकच, अंडाशय काढण्याचं ऑपरेशन. त्याने पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा धोकाही जातो, आणि तो धोका खोट्या गरोदरपणापेक्षा कितीतरी भयंकर.

पण ऑपरेशन कधी, यातच बहुतेकांची गडबड होते. सड टरारलेले असताना, दूध येत असताना करू नये. अंडाशय काढले की प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं, प्रोलॅक्टिन उसळतं, आणि ऑपरेशन झाल्यावर तीन-चार दिवसांत तेच सगळं नव्याने सुरू होतं. काहींत ते महिनोन् महिने रेंगाळतं. माज संपल्यावर तीन-चार महिने जाऊ द्यावेत, दूध पूर्ण आटलेलं असावं, मगच तारीख घ्यावी. शिबिरात स्वस्तात होतंय म्हणून मिळेल त्या दिवशी नेऊ नये. शिबिरातल्या डॉक्टरांनाही माजाची तारीख आपणहून सांगावी, ते विचारतीलच असं नाही.

आता मघाशी सोडलेला प्रश्न. ऑपरेशन झालेल्या कुत्रीला दूध येतंय. तीन शक्यता. एक, ऑपरेशन वर सांगितलं तसं चुकीच्या वेळी झालं. दोन, अंडाशयाचा तुकडा आत राहिला. अशी कुत्री पुन्हा माजाची लक्षणं दाखवते, कुत्रे मागे लागतात, आणि रक्ताच्या तपासणीत संप्रेरक सापडतं. तीन, थायरॉईड मंदावलं. वजन वाढतंय, केस विरळ होतायत, ती सुस्त पडून राहते, असं असेल तर ती तपासणी सांगा. आणि कधीकधी दुधाचा पत्ता नसताना ती नुसती पिल्लं उचलून आणते, चाटते, पहारा देते. तिथे संप्रेरकांचा शोध घेत बसायचं कारण नाही. काही कुत्र्यांचा स्वभावच तसा असतो, नरांचासुद्धा. फक्त तिच्या दाताकडे लक्ष असू द्या.

मांजरीचंही ऑपरेशन करा. पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी खोकं भरत राहिलं तर कुत्रीला रोज नवं निमित्त मिळणारच. पिल्लांचं अंगावरचं पिणं सुटलं आणि दूध आटलं की लगेच.

पिल्लं मोठी झाल्यावर

कुत्रीच्या मागे फिरणारं पिल्लू तिच्याच ताटात तोंड घालतं. चार-सहा आठवड्यांचं झालं की हे सुरू होतं, आणि लोकांना गंमत वाटते. कुत्र्याचं शरीर टॉरीन स्वतः तयार करतं, मांजरीला ते पुरेसं जमत नाही, खाण्यातून मिळावं लागतं. ते न मिळाल्याने मांजरीच्या डोळ्याचा पडदा खराब होतो हे १९७५ मध्ये दिसलं, आणि हृदय फुगतं हे १९८७ मध्ये. नुसत्या कुत्र्याच्या खाद्यावर किंवा दूध-भातावर मांजर वाढवू नये. मांजरीची थाळी ओट्यावर किंवा खिडकीत ठेवा, म्हणजे कुत्री तिथे पोहोचत नाही.

शेवटी वळण. मांजरीच्या पिल्लाचं कोणाला आपलं मानायचं हे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ठरतं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक मायकेल फॉक्स यांनी १९६९ मध्ये उलटा प्रयोग छापला होता. चिवावा जातीची पिल्लं एकेक करून मांजरीच्या पिल्लांत वाढवली. मोठी झाल्यावर त्यांना कुत्र्यांपेक्षा मांजरांची संगत बरी वाटायची, आणि आरशातल्या स्वतःच्या जातीकडे ती ढुंकूनही पाहत नव्हती. कुत्रीच्या कुशीत वाढलेल्या मांजराचंही असंच होतं, कुत्रा दिसला की ते शेपूट उभी करून त्याच्या अंगाला अंग घासायला जातं. घरात हे गोड. गल्लीत जीवघेणं. म्हणून दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्याला रोज थोडा वेळ एखाद्या मोठ्या, लस घेतलेल्या मांजरासोबत ठेवा, आणि पिल्लू कोणाला देणार असाल तर घर बघून द्या: वरच्या मजल्याचं, जाळ्या लावलेलं. घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की याला कुत्र्याची भीती वाटत नाही, तेव्हा दार उघडं टाकू नका.